साठ हजारांचा हिशेब

आज ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर तीन तास पायपीट. खिशात ६० हजार, गेम खेळायला नवा पीसी जुळवायचा. प्रोसेसर पटकन ठरला: रायझन ५ ५६००, सहा कोअर, पुष्कळ झाले. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच. म्हणून निम्मे पैसे कार्डाला. दुकानदार रंगीत दिव्यांचे पंखे दाखवत होता. जणू दिव्यांनी फ्रेम वाढतात! मी अडलो पॉवर सप्लायवर. मागचा बिननावाचा, स्वस्तातला. भर पावसाळ्यात गेला आणि जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. तो जळका वास अजून नाकात आहे. आता ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ. घासाघीस केलीच नाही. कॅबिनेट जुनंच, एक स्क्रू हरवलेलं. एसएसडी ५०० जीबीच. एक गेम संपवून काढायचा, मग दुसरा.