वाहत्या पाण्याचे बिऱ्हाड

पनवेल उताराच्या पायथ्याशी वसलेले आहे. पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाची रांग, पश्चिमेला खाडी, आणि या दोहोंमध्ये वीस किलोमीटरांहूनही कमी अंतर; माथेरानची सुमारे आठशे मीटरांची उंची एवढ्याशा टापूत उतरून समुद्रसपाटीला मिळते, त्यामुळे पावसाळ्यात इथल्या ओढ्यांना उसंत म्हणून मिळत नाही. जमिनीच्या पोटातही इथे एक कल आहे. देशावर आडवे, एकावर एक रचलेले दिसणारे बेसाल्टचे थर घाट उतरल्यावर या पट्ट्यात समुद्राकडे झुकत जातात, आणि या झुकावाला भूशास्त्रात ‘पनवेल फ्लेक्शर’ असे या गावाचेच नाव मिळाले आहे. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून निघते, देहरंगच्या धरणात अडते, नेऱ्याच्या बाजूने खाली येते आणि शहराला स्पर्श करून खाडीला मिळते. अशा शहरातल्या सदनिकेत डोंगरी ओढ्यातला मासा पाळायचा झाला, तर माशाच्या आधी प्रवाह पाळावा लागतो, आणि या छंदाची सारी अडचण व सारे वैभव या एकाच गोष्टीत आहे.

ज्यांना शौकीन मंडळी ‘हिलस्ट्रीम लोच’ म्हणतात, ते मासे मुख्यतः बॅलिटोरिडी आणि गॅस्ट्रोमायझॉन्टिडी या दोन कुळांतले. खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणे हा त्यांचा जीवनक्रम, आणि शरीराचा प्रत्येक अवयव त्या एका कामाला लागलेला. पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला, छातीजवळचे वक्षपर आणि त्यामागचे श्रोणिपर आडवे पसरून जवळजवळ एकमेकांना भिडलेले. पाण्यात तरंगत राहण्यासाठी इतर मासे ज्या हवेच्या पिशवीचा म्हणजे वाताशयाचा उपयोग करतात, ती इथे आक्रसून हाडांच्या कुपीत बंद झालेली, कारण ज्याला तळ सोडायचाच नाही त्याला तरंगून काय करायचे? परांच्या बाहेरच्या कडेवरील जाडसर गादीवर शृंगद्रव्याचे, म्हणजे नखे ज्याची बनतात त्या पदार्थाचे, सूक्ष्म काटे असतात आणि ते दगडाच्या खडबडीत पृष्ठभागात रुततात. काचेच्या टाकीत मासा समोरच्या भिंतीवर येऊन बसला की हे सारे खालच्या बाजूने पाहता येते, आणि नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. वक्षपराचे बाहेरचे किरण, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या काड्या, काचेला घट्ट धरून असतात, पण आतले किरण सतत हलत असतात. शरीराखाली झिरपणारे पाणी ते मागे लोटतात, त्यामुळे पोटाखालचा दाब कमी राहतो आणि वरून वाहणारे पाणीच माशाला दगडावर दाबून धरते. ज्या जोराने वाहून जायचे, त्याच जोराचा आधार करणारी ही रचना जीवसृष्टीतल्या अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक आहे.

ही युक्ती बारकाईने अभ्यासणाऱ्यांत सुंदरलाल होरा यांचे स्थान अग्रभागी आहे. पंजाबात जन्मलेल्या आणि पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक झालेल्या या शास्त्रज्ञाने १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात धबधबत्या पाण्यातील प्राण्यांच्या चिकटण्याच्या अवयवांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. सह्याद्रीतले काही डोंगरी मासे पूर्व हिमालय व मलाया भागातल्या माशांचे इतके जवळचे नातेवाईक कसे, या कोड्याला होरांनी ‘सातपुडा सिद्धान्ता’ने उत्तर देण्याचा प्रयत्न केला, आणि त्यानुसार हे मासे एके काळी सातपुड्याच्या रांगेतून ओढ्याओढ्याने पश्चिमेकडे सरकले. पुढच्या संशोधकांनी या मतावर आक्षेप घेतले आहेत. तरीही बॅलिटोरा या प्रजातीची एक जात कृष्णेच्या खोऱ्यात सापडावी, २०१२ साली तिचे ‘बॅलिटोरा लॅटिकॉडा’ असे नामकरण व्हावे, आणि तिचे भाऊबंद थेट ईशान्येकडच्या नद्यांत असावेत, हे पाहिले की होरांना पडलेला प्रश्न आजही ताजा वाटतो.

घरच्या टाकीत मात्र बहुधा ‘सेवेलिया लिनिओलाटा’ ही व्हिएतनामची, अंगावर सोनेरी-काळी जाळी असलेली, सहाएक सेंटिमीटरांची जात येते. तिच्यासाठी टाकी उंच असण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला स्पंज आणि दोहोंना जोडणारी, वाळूखालून गेलेली प्लास्टिकची नळी अशी जुळणी केली की वरचे पाणी एका दिशेने वाहते आणि खालून परत येते. सर्वसाधारण टाकीत पाणी तासाला चार-पाच वेळा फिरले तरी भागते, पण इथे दहा ते वीस वेळा फिरावे लागते, म्हणजे दोनशे लिटरांच्या टाकीला ताशी दोन ते चार हजार लिटर. दगड आपल्याकडचा बेसाल्ट उत्तम, फक्त त्याच्या पोकळ्यांमधल्या पांढऱ्या खड्यांकडे लक्ष हवे. त्यात कॅल्साइट असेल तर ते हळूहळू विरघळून पाणी जड करते, म्हणून पांढऱ्या भागावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहून घ्यावे. दगड गुळगुळीत गोटे असावेत, आणि टाकीत जाण्यापूर्वी ते काही आठवडे पाण्याच्या बादलीत घालून गॅलरीच्या उन्हात ठेवावेत. त्यांच्यावर जो हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर धरतो, तेच या माशांचे खरे अन्न. एकपेशीय शेवाळ, जिवाणू आणि त्यांत दडलेले सूक्ष्म जीव असा तो थर असतो, आणि मासा डोके किंचित डोलवत तो खरवडत गेला की दगडावर स्वच्छ वाट उमटते. लखलखीत, रोज घासून पुसलेल्या टाकीत हा मासा उपाशी राहतो, ही गोष्ट विक्रेत्याने गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायला हवी.

पनवेलमध्ये या छंदाची कसोटी मे महिन्यात लागते. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू तीस अंशांना साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची गरज वाढलेली असते. या जातीला वीस ते चोवीस अंश मानवतात. टाकीवर पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी थंड करण्याचा उपाय पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत जितका लागू पडतो तितका खाडीकाठच्या दमट हवेत पडत नाही. म्हणून इथे एक तर वातानुकूलित खोली, नाही तर पाणी थंड करणारे चिलर नावाचे महागडे यंत्र, यांपैकी एकाची तयारी ठेवावी लागते, आणि ज्याला ही तयारी झेपणार नाही अशा घराने या माशाचा मोह टाळावा, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. वीज गेली की पंप थांबतो, आणि इतर मासे ज्या स्थिर पाण्यात तासन्‌तास निभावून नेतात त्यात हे थोड्याच वेळात धापा टाकू लागतात. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी हवा. नळाच्या वा टँकरच्या पाण्यातले क्लोरीन काढून टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नये, हे तर सर्वच माशांच्या बाबतीत खरे आहे.

याच उन्हाळ्याला तोंड देण्याची सह्याद्रीच्या माशांची रीत मात्र वेगळी आहे. इथला ओढा व्हिएतनामच्या ओढ्यासारखा बारमाही नाही. जूनमध्ये तो उसळतो, दिवाळीनंतर ओसरतो आणि एप्रिलपर्यंत डोहाडोहांत तुटतो. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७२ साली पुण्याच्या नमुन्यांवरून वर्णिलेला ‘इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी’ हा लोच अशा ओढ्यांतला. त्याचे शरीर लांबट व गोलसर, तोंडाभोवती मिशा; तो दगडाला चिकटत नाही, दगडांच्या फटीत शिरतो, आणि डोहात उरलेल्या पाण्यावर, पाचोळ्याच्या आडोशाने उन्हाळा काढतो. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारी माशांची वलगण पाहायला आणि पकडायला पनवेल-उरणच्या शेतांत जी झुंबड उडते, ती याच ऋतुचक्राला माणसाने दिलेली दाद आहे. अशा स्थानिक लोचांना ओंजळीत धरून घरी आणण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात तो गुन्हा आहे, आणि अभयारण्याबाहेरही एखाद्या जातीचा सारा पसारा एका ओढ्यापुरता असू शकतो. आंबोलीच्या हिरण्यकेशी कुंडातला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ २०२० साली विज्ञानाला ठाऊक झाला आणि पुढच्याच वर्षी राज्य शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. देवळाजवळचे कुंड म्हणून लोकांनी जपलेल्या पाण्यात तो मासा टिकून होता, याचे मोल कायद्याच्या संरक्षणाहून कमी नाही.

टाकीतल्या सेवेलियाचा एक गुण मात्र छंदाची बाजू भक्कम करतो. प्रवाह, शेवाळ आणि थंडावा मनासारखा मिळाला तर हे मासे काचेच्या घरातही वीण घालतात. आधी काही दिवस नर एकमेकांच्या पाठीवर चढून, पर पसरून जागेचा तंटा करतात. हा तंटा दिसायला आवेशाचा असला तरी त्यात इजा क्वचितच होते. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि पिल्ले पहिले दिवस तिथेच दडून राहतात, त्यामुळे ती आहेत हे पाळणाऱ्याला बरेचदा उशिरा कळते. त्या काळात तळाची वाळू उपसू नये, पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांचा स्पंज बसवावा म्हणजे पिल्ले ओढली जाणार नाहीत, आणि उन्हात शेवाळ धरलेला एखादा गोटा दर आठवड्याला बदलून द्यावा. अशा घरी वाढलेल्या पिल्लांची देवाणघेवाण शौकिनांमध्ये होऊ लागली, तर व्हिएतनामच्या नदीतून उपसून, पिशवीत कोंडून, दोन विमाने बदलून येणाऱ्या माशांची मागणी तेवढी तरी घटेल.