अरीथाची चर्चवापसी(?)

लाइव्ह अल्बम म्हटलं की मी जरा बिचकतोच. टाळ्या, शिट्ट्या आणि स्टुडिओतल्या गाण्याची थोडी विस्कटलेली आवृत्ती. पण या नियमाला एक सणसणीत अपवाद आहे: अरीथा फ्रँकलिनचा 'अमेझिंग ग्रेस'.

तारीख १३ आणि १४ जानेवारी १९७२. जागा लॉस एंजेलिसमधलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, जे आधी चक्क सिनेमा थिएटर होतं! अरीथा तेव्हा २९ वर्षांची. 'रिस्पेक्ट'नंतर तिला सगळे 'क्वीन ऑफ सोल' म्हणत होते. पण ती मुळात पाद्र्याची मुलगी, डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये गाऊन तयार झालेली. चर्चमधल्या अनेकांच्या लेखी पॉप गायला गेलेली मुलगी म्हणजे घर सोडून गेलेली मुलगी. आता तीच परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहणार होती. स्टुडिओत चुकलं तर दुसरा टेक घेता येतो, इथे समोर परीक्षकच बसलेले!

आणि हे लोक गप्प बसत नाहीत. कीर्तनात टाळकरी झील धरतात ना, तसंच काहीसं. ती एक ओळ सोडते, मागून साउदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर ती उचलतो, बाकांवरून कुणीतरी ओरडून दाद देतं आणि ती पुढची ओळ आणखी वर नेते. आम्हा इंजिनियर लोकांना नॉइज काढून टाकायची सवय. इथे नॉइज काढला तर गाणंच उरणार नाही.

शीर्षकगीत जवळजवळ ११ मिनिटांचं आहे. एकेका शब्दावर ती इतकी रेंगाळते की पुढचा शब्द येईल की नाही अशी धाकधूक वाटते. पियानोवरचे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड स्वतः गॉस्पेलमधले दादा माणूस. तेसुद्धा शेवटी रुमालात तोंड लपवून रडायला लागतात.

हे दिसतं कारण त्या दोन रात्रींचं शूटिंग झालं होतं. दिग्दर्शक सिडनी पोलॅक. पण क्लॅपर बोर्ड न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज जुळेचना. दोन सर्व्हरचे लॉग्ज आहेत, पण घड्याळं वेगळी, असा प्रकार. फिल्म डब्यात गेली. पुढे अ‍ॅलन एलियटने डिजिटल तंत्राने ते जुळवलं, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सिनेमा आला तो २०१८च्या नोव्हेंबरमध्ये. अरीथा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली होती.

अल्बम मात्र १९७२मध्येच आला आणि तुफान खपला. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट विक्रीची वाटत नाही. दुसऱ्या रात्री तिचे वडील बोलायला उठतात आणि सगळ्यांसमोर सांगतात की हिने चर्च कधी सोडलंच नव्हतं. पुरावा तिने आधीच दिलेला असतो: कॅरोल किंगचं पॉप गाणं आणि थॉमस डॉर्सीचं भजन तिने असं एकत्र गुंफलंय की सांधा सापडत नाही.

माझा देवावर विश्वास नाही. पण ती ११ मिनिटं संपली की वाद घालायची इच्छा उरत नाही. असो. रविवार मोकळा असेल तर ऐका, आणि कृपया लॅपटॉपच्या स्पीकरवर नको!