आठावरचा गोल

2023च्या नोव्हेंबरात गोरेगावचं नाव राज्यभरच्या बातम्यांत आलं. कर्ज फेडायला दुसरा मार्ग उरला नाही म्हणून इथल्या काही शेतकऱ्यांनी आपले अवयव विकायला काढले, आणि मूत्रपिंड, यकृत, डोळे अशा एकेकाचा दर लिहून तो कागद मुख्यमंत्र्यांकडे पाठवला. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी लगेच फोन केला, "हेच का गं तुझ्या मावशीचं गाव?" हो, हेच. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं, वाशीम जिल्ह्याच्या हद्दीकडचं. तो दरांचा कागद टीव्हीवर बघताना मला दुसराच एक कागद आठवत राहिला. तो मी याच गावात एका ओसरीवर बसून भरला होता.

एप्रिल 2014, लोकसभा निवडणुकीचे दिवस. मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. दिल्लीच्या 'सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज' या संस्थेचं नाव तोवर फक्त पुस्तकात वाचलेलं. रजनी कोठारींनी 1963मध्ये ती उभी केली आणि 1967पासून भारतीय मतदाराचा अभ्यास तिथे सुरू झाला. 1997पासून 'लोकनीती' या नावाने तो चालतो. महाराष्ट्रात या कामाला सुहास पळशीकरांसारखे पुण्याचे अभ्यासक होते. देशभर खेडोपाडी फिरून माणसांशी बोलायचं काम मात्र आमच्यासारखी कॉलेजातली पोरंपोरी करायची. मतदान झालं की मतमोजणीच्या आत घरोघर जाऊन मुलाखती घ्यायच्या. त्या वर्षी देशभरात 22 हजारांहून जास्त माणसांशी असं बोलणं झालं. त्यांतली थोडी माझ्या वाट्याला आली, गोरेगावात.

प्रशिक्षणात एक गोष्ट हातोड्याने ठोकावी तशी डोक्यात बसवली होती. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं काढलेली असतात. यादीत जे नाव आहे त्याच माणसाशी बोलायचं. तो घरी नसेल तर परत जायचं, तरी नसेल तर फॉर्म कोरा राहू द्यायचा, पण त्याच्याऐवजी भाऊ, नवरा, शेजारी चालणार नाही. मला हे तेव्हा नुसतं आकडेशास्त्र वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी मी चुकले. यादीतले बाबा शेतात होते. मुलगा शिकलेला, पटापट उत्तरं देत होता, वरून ऊन रणरणतं. मी वीस मिनिटांत त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला. रात्री मावशीच्या घरी कागद चाळताना झोप लागेना. बाबांच्या नावावर मी मुलाचं मत लिहिलं होतं. बूथवर कुणी असं केलं तर त्याला आपण बोगस मतदान म्हणतो. सकाळी पर्यवेक्षकांना फोन केला, तो फॉर्म रद्द केला आणि उजाडता उजाडता बाबांना शेतातल्या आखाड्यावर गाठलं. बापाचं आणि लेकाचं एकही महत्त्वाचं उत्तर जुळलं नाही.

त्यानंतर यादीत एका आजीचं नाव आलं. नाव इथे सांगणार नाही. ते सांगायचं नसतं, तसा शब्द दिलेला असतो.

अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि आजी तिच्यातली माती-मुळ्या वेचत होती. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीने त्यांचा गहू झोपवला होता, म्हणून आता सगळी भिस्त हळदीवर. मी नाव घेऊन विचारलं तसा ओसरीवरून थोरला मुलगा म्हणाला, "तिला काय कळतंय? मला विचारा." आजीनेही तेच म्हटलं, "मला काय इचारती माय, त्यालाच इचार."

"आजी, यादीत तुमचं नाव आहे. तुम्हीच सांगायचं. दुसऱ्या कुणाचं मला चालत नाही."

तिने हात झटकले, पदराला पुसले आणि बाजेवर येऊन बसली. मुलाला मी पाणी मागितलं आणि बाहेर थांबायची विनंती केली. तो थांबला, पण दारातच.

प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरं आणि त्यांचे आकडे छापलेले असतात. शेवटी असतो 8, म्हणजे 'सांगता येत नाही'. हा पर्याय वाचून दाखवायचा नाही, माणसाला खरंच काही सांगायचं नसेल तरच त्या आठावर गोल करायचा. पहिल्या चार-पाच प्रश्नांना आजी म्हणाली, "कुणाला ठावं." माझा पेन आठाकडेच जात होता. आठ फार सोयीचा असतो. गोल केला की पुढचा प्रश्न, फॉर्म लवकर संपतो, ऊन चढायच्या आत दुसरं घर होतं.

आदल्या रात्रीच्या त्या फॉर्ममुळे असेल, पण मी पेन खाली ठेवला. प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला आणि गप्प बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजी बोलायला लागली. रेशनवर गहू किती मिळतो, पंचनाम्याला कोण आलं होतं आणि कोणत्या वावरात न उतरताच गेलं, कोणता पक्ष कुणाचा आहे असं तिला वाटतं, सगळं. तिचं 'कुणाला ठावं' हे दारात उभ्या मुलासाठी होतं. तो कंटाळून निघून गेला आणि ते पुन्हा आलं नाही.

या अभ्यासात एक फार जुना प्रश्न आहे : तुमच्या मतामुळे देशाच्या कारभारावर काही परिणाम होतो, की काहीच फरक पडत नाही? 1971मध्ये 'परिणाम होतो' म्हणणारे निम्म्याहून थोडे कमी होते, 1996मध्ये ते जवळपास 59 टक्क्यांवर गेले. तेव्हा शिकलेले, खाऊनपिऊन सुखी लोक मतदानाला कंटाळायचे आणि गरीब माणूस उन्हात रांग लावायचा, हेही अशाच मुलाखतींतून आकड्यांनिशी पुढे आलं.

आजी म्हणाली, "व्हतो की."

मी एकावर गोल केला. ती थांबली नाही. "त्या दिवशी शाळेत गेले, तं त्या मास्तरानं माझं नाव वाचलं. मोठ्यांदा. सगळं नाव, मालकाच्या नावासकट. गावात मला कोण नावानं हाक मारतं? ह्याची माय, त्याची आजी. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं."

मतदान अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो ते पक्षांच्या एजंटांना पडताळून बघता यावं म्हणून. इतकाच त्याचा कारभारातला उपयोग मला माहीत होता. आजीचं उत्तर कोणत्याच आकड्यात बसत नव्हतं. मी ते समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

नकली मतपत्रिकाही होती. चिन्हं छापलेली, तिच्यावर स्वतः खूण करून घडी घालायची आणि डब्यात टाकायची. मी तोंड फिरवून बसले. तिने घडी माझ्यासमोर धरली तेव्हा डाव्या तर्जनीच्या नखावर शाईची काळी रेघ होती, बाकी सगळी बोटं हळदीने पिवळीधमक. घडीवर तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उठला होता.

रात्री मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "काय गं, म्हातारीनं कुणाला दिलं?" गावात याहून मोठी बातमी त्या आठवड्यात नव्हती. मी म्हटलं, "मावशी, ते विचारू नकोस." ती थोडी रुसली, पण पुन्हा विचारलं नाही.

16 मेला निकाल लागला. हिंगोलीत काँग्रेसचे राजीव सातव शिवसेनेच्या सुभाष वानखेडेंविरुद्ध 1,632 मतांनी निवडून आले. महाराष्ट्रात काँग्रेसच्या त्या वर्षी दोनच जागा आल्या, नांदेड आणि ही. 1,632 म्हणजे दीड-दोन बूथवरचे मतदार. फरक पडतो का, या प्रश्नाचं उत्तर आमच्या मतदारसंघाने त्या दिवशी इतकं स्पष्ट दिलं होतं.

एक गोष्ट मला तेव्हाही सलली. आपण लोकांच्या दारात जाऊन तासभर मागतो आणि त्यांच्या उत्तरांचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी सांगायला जात नाही. अहवाल शहरात वाचले जातात. म्हणून दिवाळीत मी वर्तमानपत्रात आलेल्या निष्कर्षांचं कात्रण घेऊन गोरेगावला गेले. आजी त्याच बाजेवर होती. तिला वाचता येत नव्हतं. मी तक्ता वाचून दाखवला. तिने विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

बायकांच्या रकान्यातल्या एका आकड्यावर मी बोट ठेवलं. "यात. तुमच्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, त्यांच्यात."

तिने माझं बोट बाजूला केलं आणि तिथे आपलं ठेवलं. मग आत वळून सुनेला चहा ठेवायला सांगितलं. हाक मारली ती सुनेच्या नावाने. ते नाव त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.