पन्हा किती?

गेल्या पावसाळ्यात एका प्रकाशनाकडून फोन आला. एका उर्दू आत्मकथनाचा मराठी अनुवाद मी त्यांना करून दिला होता. संपादकबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, एकशे बाराव्या पानावरचे दोन परिच्छेद मराठीत आलेच नाहीत." मी मूळ पुस्तक काढून पाहिलं. त्यांचं खरं होतं. त्या पानावर लागोपाठ तीन परिच्छेद एकाच शब्दांनी सुरू होतात. माझी नजर पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेली होती. गळालेल्या दोन परिच्छेदांत लेखिकेच्या आईचा मृत्यू होता.

पुस्तक छापायला गेलं नव्हतं, त्यामुळे निभावलं. पण त्या रात्री झोप लागली नाही. अनुवादात एखादा शब्द चुकला तर माणूस सुधारतो. कुणाच्या आईचं जाणंच गाळून टाकलं, हे मनातून जाईना.

चूक माझीच होती, पण ती कशी झाली हे तपासणं भाग होतं. माझा लॅपटॉप साडेपंधरा इंची, जुना, १३६६×७६८चा. एका बाजूला उर्दू पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला वर्डची फाईल उघडली, तर प्रत्येकीच्या वाट्याला ६८३ पिक्सेल येतात. ए-फोर पान शंभर टक्के आकारात दिसायला सुमारे ७९४ पिक्सेल रुंदी लागते. म्हणजे दोन्ही पानं कापली जाणार. म्हणून मी वर्षानुवर्षं एकच खिडकी पूर्ण उघडायची, उर्दूतली दोन वाक्यं डोक्यात धरायची, खिडकी बदलायची, मराठीत लिहायची आणि परत यायची. दिवसातून चारशे-पाचशे वेळा तरी. त्यात कोश उघडायचा, मेल बघायची, मधेच कुकरची शिट्टी. परत येताना नजर नेमकी त्याच ओळीवर उतरेल याची खात्री कोण देणार?

घरात विषय काढला. मुलीचे अब्बू म्हणाले, "लॅपटॉप चालू आहे की अजून." त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे माझ्या कामाला कधी स्वतंत्र जागाच नव्हती. जेवणाचं टेबल रिकामं झालं की मी बसायचे आणि दस्तरखान घालायच्या वेळी उठायचे. धाकटीनं मात्र लगेच मोबाईलवर शोधून दाखवलं, "अम्मी, हा बघ. अल्ट्रावाइड. दोन स्क्रीन जोडल्यासारखा."

तो मॉनिटर पाहून माझे अब्बा, जे आता आमच्याकडेच असतात, चष्मा सारखा करत म्हणाले, "पन्हा कित्ता है इसका?"

अब्बांनी चाळीस वर्षं सोलापुरात शाळांचे युनिफॉर्म बेतले. कापड किती हे विचारायच्या आधी ते पन्हा विचारत. ३६ पन्ह्याच्या कापडात शर्टाला सव्वादोन-अडीच मीटर लागतात, ५८ पन्ह्यात एक मीटर साठ सेंटिमीटरमध्ये भागतं. पन्हा माहीत नसताना नुसतं 'दोन मीटर आहे' म्हणण्याला काही अर्थ नाही. मी म्हटलं, "अब्बा, एकोणतीस इंच लिहिलंय." ते म्हणाले, "वो तो तिरछा नाप है. तिरछा नापके कोई कपडा बेचता है क्या?"

मला हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. मॉनिटरचे इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप. आकाराचं प्रमाण बदललं की तेच इंच वेगळंच काही सांगतात. अब्बांची टेप, कागद-पेन्सिल आणि धाकटीचा कॅल्क्युलेटर घेऊन आम्ही बसलो. नेहमीचा १६:९ आकाराचा २४ इंची मॉनिटर साधारण २१ इंच रुंद आणि पावणेबारा इंच उंच भरतो. २१:९ आकाराचा २९ इंची अल्ट्रावाइड पावणेसत्तावीस इंच रुंद, पण उंचीला सव्वाअकरा इंचच. म्हणजे २९ इंची हा २४ इंचीपेक्षा उंचीला चक्क कमी! आकडा बघून 'पाच इंचांनी मोठा' असं समजणारा फसतो. ३४ इंचीचं तसंच. तो २७ इंची मॉनिटरइतकाच उंच असतो, फक्त रुंदीला आठ इंच जास्त.

मग प्रश्न आला की मला रुंदीच का हवी. दोन साधे २४ इंची मॉनिटर घेतले असते तर पैसे तेवढेच लागले असते आणि रुंदी बेचाळीस इंच मिळाली असती. इथं माझ्या कामाची एक गंमत सांगते. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून. उर्दूचं पान डाव्या हाताला आणि मराठीचं उजव्या हाताला ठेवलं, तर दोन्ही भाषांच्या ओळींची सुरुवात स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येते. उर्दू ओळ मध्यापासून डावीकडे जाते, मराठी मध्यापासून उजवीकडे. कुठल्या ओळीवर आहोत हे बघायला नजर जेमतेम एक-दोन इंच हलवावी लागते. दोन मॉनिटर घेतले असते तर नेमक्या त्या मध्यावर दोघांच्या काळ्या कडा आल्या असत्या आणि मान सदैव या किंवा त्या बाजूला वळलेली राहिली असती. म्हणून मला सलग पन्हा हवा होता, मधे शिवण नको होती.

दुकानात गेले तेव्हा पेनड्राइव्हमध्ये माझी स्वतःची पीडीएफ नेली आणि लॅपटॉपही सोबत नेला. हे प्रत्येकानं करावं असं मी सांगेन. दुकानातल्या मॉनिटरवर समुद्र, पोपट आणि मोटारींचे खेळ चालू असतात. त्यावर सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. दुकानदारानं मला ३४ इंची दाखवला, "मॅडम, थोडेच पैसे जास्त, पण केवढा मोठा!" मी त्यावर माझं पान उघडलं. अक्षरं मोठी दिसली, पण नुक्ते फुटल्यासारखे, कडा दातेरी. कारण विचारलं तर कळलं की त्याचंही रिझोल्यूशन २५६०×१०८०च, म्हणजे २९ इंचीइतकेच पिक्सेल जास्त जागेवर ताणलेले. हिशेब केला तर २९ इंचीवर इंचाला सुमारे ९६ पिक्सेल बसतात, या ३४ इंचीवर ८२. उर्दूत एक नुक्ता वर असला तर 'खुदा' आणि खाली गेला तर 'जुदा'. आपल्या मराठीतही अनुस्वार आणि रफार तेवढेच बारीक. दिवसभर अक्षरं वाचणाऱ्यानं इंच बघण्याआधी हा आकडा बघावा.

३४ इंची घ्यायचाच तर ३४४०×१४४०चा घ्यावा. त्यावर इंचाला ११० पिक्सेल येतात आणि अक्षरं छापल्यासारखी दिसतात. पण तो माझ्या वीस हजारांच्या कितीतरी पुढे होता. शिवाय जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल, तर एवढं रिझोल्यूशन बऱ्याचदा ६० हर्ट्झपर्यंत पोचत नाही आणि माऊस अडखळत चालतो. आधी ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यावरही लहान मॉनिटरसारखा १८ टक्केच लागतो. ज्यांचं बजेट थोडं जास्त आहे त्यांनी ३४ इंचीचा विचार जरूर करावा.

एक पर्याय मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण त्यानं मला खूप दिवस झुलवलं. २७ इंची साधा मॉनिटर, २५६०×१४४०चा. त्याच्यात आडवे पिक्सेल २९ इंची अल्ट्रावाइडइतकेच आणि उभे एक तृतीयांशानं जास्त. किंमतही जवळपास तीच. कागदावर तोच सरस. ज्यांना लांबलचक एक्सेल किंवा प्रोग्रॅमचा कोड बघायचा असतो, ज्यांचे डोळे तरुण आहेत, त्यांनी तोच घ्यावा. पण माझं वय सेहेचाळीस आणि चष्मा दुहेरी काचेचा. त्या मॉनिटरवर अक्षर बारीक, मोठं करावं तर जागेचा फायदा गेला. आणि दुहेरी काचेत जवळचं दिसतं ते खालच्या भागातून. स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून वाचावं लागतं, संध्याकाळी मान धरते. बुटका, रुंद मॉनिटर माझ्या चष्म्याला मानवला.

बाकी छोट्या गोष्टी. आयपीएस पॅनल घेतला, कारण बाजूनं पाहिलं तरी रंग फिकट होत नाही आणि धाकटी शेजारी बसली तर तिलाही नीट दिसतं. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग जास्त गडद, सिनेमा बघणाऱ्यांना तो आवडेल. वक्र स्क्रीनचा मोह टाळला. ३४ इंचीला त्याचा उपयोग आहे, २९ इंचीला फारसा नाही. ७५ किंवा १०० हर्ट्झ मिळालं तर चांगलं, पण लिहिण्या-वाचण्यासाठी त्यावर जास्त पैसे घालू नयेत. स्वस्त मॉनिटरचं स्टँड बहुधा फक्त पुढेमागे कलतं, वरखाली होत नाही. म्हणून मागे व्हेसाची चार भोकं आहेत ना ते बघून घेतलं, म्हणजे पुढेमागे वेगळा आर्म लावता येईल.

आता पैशाचं. धाकटी म्हणाली, "नो कॉस्ट ईएमआय आहे, आज घे." मी कार्डाच्या अटी वाचल्या. बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढीच सूट आधी देतो, म्हणून ते दिसत नाही. वर त्या व्याजावर जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३मध्येच बँकांना बजावलं आहे. आमच्या घरात सूद द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही, हा अब्बांचा नियम. पण नियम बाजूला ठेवला तरी, जे फुकट नाही त्याला फुकट म्हणणं मला पटलं नाही.

आमची दहा जणींची भिशी आहे. महिन्याला दोन हजार, बोलीची नाही, चिठ्ठीची. माझा नंबर पाच महिन्यांनी होता. त्या महिन्याचा नंबर शेजारच्या भाभींचा. मी आजवर कुणाकडे नंबर बदलून मागितला नव्हता. माझी भिशी कधी फ्रिजला गेली, कधी धाकटीच्या फीला, एकदा अम्मीच्या मोतीबिंदूला. स्वतःच्या कामासाठी मागताना जीभ अडखळली. भाभींनी विचारलं, "कशाला हवेत?" म्हटलं, "मॉनिटर घ्यायचाय, मोठा, लिहायला." त्या म्हणाल्या, "मग आधी तूच घे. माझं काम ईदच्या वेळचं आहे."

मॉनिटर घरी आला. आता तो ठेवायचा कुठे? जेवणाच्या टेबलावर रोज मांडायचा आणि उचलायचा तर जमणार नव्हतं. अब्बांचं कटिंग टेबल बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेलं, त्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. ते त्याला कुणालाच हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वतः कपडे उचलले, टेप लावली. टेबलाची खोली तीन फूट, स्टँडनं मागचे दहा इंच घेतले तरी डोळ्यापासून हातभर अंतर राहतं. "इधर रख," म्हणाले.

लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे सगळे रंग पूर्ण स्क्रीनभर लावून एखादा पिक्सेल मेलेला नाही ना ते पहिल्याच दिवशी पाहिलं, कारण बदलून घ्यायची मुदत थोडीच असते. उंची कमी पडते, ही तक्रार खरी आहे. ए-फोर पान पूर्ण दिसत नाही, खालून थोडं कापलं जातं. कंट्रोल आणि एफ-वन दाबून वर्डची वरची पट्टी मिटवली, खालचा टास्कबारही लपवला. डावीकडे उर्दू, उजवीकडे मराठी. कोश लागला की खिडकीची कळ आणि झेड दाबून तीन भाग करते. तिसऱ्या भागालाही ८५३ पिक्सेल मिळतात, पान कापलं जात नाही.

अब्बांनी एक ए-फोर कागद आणून स्क्रीनवरच्या पानाला लावून पाहिला. रुंदी अगदी बरोबर जुळली. "अब सही नाप है," म्हणाले आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

मी सगळ्यात आधी एकशे बारावं पान उघडलं. दोन परिच्छेदांचा अनुवाद मी तेव्हाच घाईनं करून पाठवला होता. या वेळी दोन्ही भाषा शेजारी ठेवून तो ओळीला ओळ लावून वाचला. एका वाक्यात लेखिकेनं आईच्या हातांबद्दल लिहिलं होतं, ते घाईत मी सपाट करून टाकलं होतं. ते नीट केलं आणि संपादकबाईंना पाठवलं.

तुम्ही मॉनिटर घ्यायला निघालात तर किती इंची घेऊ असं कुणाला विचारू नका. तुमचं काम आडवं आहे की उभं ते बघा. टेबल मोजा, चष्मा सांभाळा, आणि दुकानात स्वतःचं पान उघडून बघा. घरात इतरांच्या कामाला जागा आहे आणि तुमच्या कामाला नाही, असं असेल तर आधी ती मागून घ्या. मला ती मागायला सेहेचाळीस वर्षं लागली, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हटलं नाही.