देवळाभोंवतालची पंढरी

पंढरपूरचें नांव निघतांच विटेवरील ती सावळी मूर्ति, चंद्रभागेचें वाळवंट आणि नामदेवांची पायरी हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या पायरीभोंवतीं जीं घरें दाटीवाटीनें उभीं आहेत, त्यांची आठवण क्वचितच कोणास होते. परंतु गेल्या कांहीं वर्षांत याच घरांवरून पंढरींत मोठा वाद माजला. त्या वादांत दोन्ही बाजूंस सज्जन माणसें आहेत आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच हा विषय विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटलें.

वादाची हकीकत थोडक्यांत अशी. काशीस विश्वनाथाच्या देवळापासून गंगेच्या घाटापर्यंत प्रशस्त मोकळी वाट करण्यांत आली. तिचें उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजीं झालें. त्यासाठीं तीनशेंहून अधिक मिळकती घेण्यांत आल्या आणि सुमारें चौदाशें दुकानदार, भाडेकरू व घरमालक यांचें पुनर्वसन करण्यांत आलें, असें सरकारी निवेदनांत म्हटलें आहे. तसाच ‘कॉरिडॉर’ पंढरपुरांतही व्हावा, असा बेत २०२२ सालीं पुढें आला. लागलीच देवळाजवळच्या रहिवाशांनीं व व्यापाऱ्यांनीं विरोध आरंभिला. सभा झाल्या, मोर्चे निघाले. संतापाच्या भरांत कित्येकांनीं कर्नाटकांत जाण्याची भाषाही केली. २०२५ सालींही सरकारचा निश्चय आणि रहिवाशांचा विरोध हीं दोन्ही कायम होतीं.

प्रथम नव्या वाटेचा पक्ष ऐकून घेऊं. आषाढी एकादशीस पंढरींत लाखों माणसें लोटतात. एवढा समुदाय देवळाकडे जातो तो जुन्या गांवाच्या अरुंद बोळांतून. अशा गर्दींत कोठें आग लागली, तर पाण्याचा बंब पोंचावा कसा? मूर्च्छित झालेल्या म्हातारीला बाहेर काढावें कसें? चेंगराचेंगरी झाली तर पहिला घाला पडतो तो लहान मुलांवर आणि वृद्धांवर. यात्रेची व्यवस्था ज्यांच्या हातीं आहे, त्यांना रात्रीं झोंप लागत नसेल तर त्यांत नवल नाहीं. जुन्या भिंतींच्या प्रेमापायीं या भयाकडे पाठ फिरविणें हें माणुसकीला शोभणारें नाहीं.

आतां दुसरा पक्ष. जुनें घर म्हणजे नुसता दगडमातीचा आडोसा नव्हे. उंच जोतें, मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर माळवद, आंत चौक आणि भोंवतीं ओसरी, अशी या बाजूच्या वाड्यांची रीति आहे. खालीं कुंकू-बुक्क्याचें, तुळशीच्या माळांचें अथवा चुरमुऱ्यांचें दुकान, वर बिऱ्हाड, आणि वारीच्या दिवसांत ओसरीवर व माळवदावर वारकऱ्यांच्या पथाऱ्या. एकाच गांवचीं माणसें एकाच घरीं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलीं. आजा ज्या खांबाशीं निजला, त्याच खांबाशीं नातू निजतो. असें घर पाडलें म्हणजे राहण्याची जागा, पोटाचा धंदा आणि यात्रेकरूंचा निवारा या तीन वस्तु एकदमच जातात. नवी जागा गांवाबाहेर मिळाली, तरी तेथें पाटावर बुक्का मांडून बसणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक यावें कोठून?

बायबलांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. अहाब राजास तो मळा भाजीपाल्याकरितां हवा होता. त्याबद्दल याहून चांगला मळा देईन, नाहीं तर रोख किंमत देईन, असें तो म्हणाला. नाबोथानें उत्तर केलें कीं, हें माझ्या वाडवडिलांचें वतन आहे, तें मी देणार नाहीं. पुढें त्याचा खोट्या आरोपावरून वध झाला आणि त्या रक्ताचा दोष राजघराण्यावर आला. येथें राजाच्या भाजीपाल्याचा प्रश्न नाहीं, लाखों यात्रेकरूंच्या सुरक्षिततेचा आहे. म्हणून ती कथा जशीच्या तशी लागू करणें अन्यायाचें होईल. परंतु एक गोष्ट तींतून निश्चित शिकावी. वाडवडिलांच्या जागेचें मोल पैशानें पुरतें फिटत नाहीं, आणि ती मागणाराचा हेतु कितीही थोर असला तरी देणाराचें ‘नाहीं’ त्यानें आधीं शांतपणें ऐकलें पाहिजे.

आतां खुद्द देवळांतच काय घडलें तें पाहा. २०२४ सालीं श्रीविठ्ठलमंदिराच्या जतनाचें काम चाललें असतां मागाहून चढविलेले थर काढून मूळचा पाषाण उघडा करण्यांत आला. त्याच कामांत हनुमान दरवाजाजवळ एक तळघर लागलें व त्यांत जुन्या मूर्ति सांपडल्या. जुनें तें हलक्या हातानें मोकळें करावें, ही दृष्टि देवळाच्या भिंतीच्या आंत मान्य झाली. मग तीच भिंतीच्या बाहेर कां नसावी? काशीसही पाडलेल्या घरांच्या पोटांतून चाळीसांहून अधिक जुनीं देवळें निघालीं, असें सांगण्यांत आलें. म्हणजे काय पाडीत आहों हें पाडल्यानंतर कळलें. पंढरींत होळकरांचा आणि शिंद्यांचा असे नांवाजलेले वाडे आहेत. ज्या अहल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं काशीचें देऊळ पुन्हां उभारविलें, त्यांच्या घराण्याच्या वाड्यासंबंधानें काशीचाच दाखला देऊन चिंता उत्पन्न व्हावी, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

तरी जतन म्हणजे केवळ सरदारांचे वाडे राखणें नव्हे. महाद्वारापुढें चोखोबांची समाधि आहे. हयातींत त्यांना देवळांत प्रवेश नव्हता. अस्पृश्य बांधवांना तें दार खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें येथेंच उपोषण केलें. ज्या गांवाचा इतिहास असा, तेथें कोणतें घर मोलाचें हें ठरवितांना गरिबाची दोन खणांची जागाही मोजली गेली पाहिजे.

कोणी म्हणेल कीं, वाद चालू द्यावा, तोंवर घरें तरी उभीं राहतील. परंतु तसेंही होत नाहीं. पुण्याच्या भिडेवाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली. त्या जागीं राष्ट्रीय स्मारक व्हावें कीं नाहीं, याचा तंटा वर्षानुवर्षें न्यायालयांत चालला. २०२३ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल स्मारकाच्या बाजूनें लागला. परंतु तोंवर वाडा इतका मोडकळीस आला होता कीं, डिसेंबरांत तो उतरवून घ्यावा लागला. स्मारकास जागा मिळाली, पण त्या मुलींनीं पाहिलेल्या भिंती राहिल्या नाहींत. ज्या घरावर संपादनाची छाया पडते, त्याची डागडुजी मालक करीत नाहीं. भाडें जुनें व थोडें असलें तर पाहावयासच नको. अशा रीतीनें पहारीवांचूनही घर पडतें.

मग करावें तरी काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें पहिलें काम मोजणीचें आहे. आणि ही मोजणी केवळ क्षेत्रफळाची नव्हे. कोणतें घर केव्हांचें, कोणतें धोक्याचें, कोठें किती यात्रेकरू उतरतात, मालक कोण, भाडेकरू कोण, ओट्यावर बसून पोट भरणारा कोण, याची याद आधीं व्हावी व ती चावडीवर सर्वांस वाचावयास मिळावी. कायद्यांत यास आधार आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यान्वयें विकास आराखड्यांत ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाची तरतूद करतां येते, आणि आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईंत १९९५ पासून जुन्या वास्तूंची प्रतवार यादी करून त्यांना संरक्षण देण्याचे नियम आहेत. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानें मालकाबरोबर भाडेकरूचा व तेथें रोजी मिळविणाराचाही विचार केला आहे. अशी याद हातीं असली म्हणजे कोठें वाट रुंद केल्यावांचून गत्यंतर नाहीं आणि कोठें एखादें घर राखून वाट वळवितां येईल, हें समोरासमोर बसून ठरवितां येईल. यादीवांचून चाललेला वाद म्हणजे अंधारांत चाललेली झोंबी होय.

विद्यार्थिमित्रहो, हें काम मोठ्या माणसांचें म्हणून तुम्ही हात जोडून बसूं नका. येत्या सुटींत आपल्या अथवा आजोळच्या जुन्या घराचा नकाशा काढा. दारें मोजा, खण मोजा. आजीला विचारा कीं घर कोणीं बांधलें, कोण कोण राहून गेलें, पुराचें पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें. तें सारें वहींत तारीख घालून लिहून ठेवा. पुढें तें घर राहील किंवा लोकांच्या सोयीसाठीं द्यावेंही लागेल. परंतु जें द्यावयाचें तें काय होतें, हें देणाराला आणि घेणाराला, दोघांनाही ठाऊक असलें पाहिजे.