बिनतिकिटाचे कमळवन

परदेशी फिरायला जायचे म्हटले की आधी खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो, नाही का? पण मैत्रिणींनो, टोकियोसारख्या महागड्या शहरातही एक पैसा न देता मनसोक्त पाहावे असे ठिकाण आहे. उएनो स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की शिनोबाझु तळे लागते. 1873 साली झालेल्या उएनो बागेत ते आहे.

माझी धाकटी बहीण तिकडे असते. तिने आदल्या रात्रीच बजावले, "ताई, सकाळी सातला पोचायचं हं. दुपारपर्यंत कमळं मिटतात." जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथे भर बहर असतो. पाणी दिसतच नाही. परातीएवढी पाने आणि त्यांच्यावर डोलणारी गुलाबी कमळे! एक फूल तीन दिवस उमलते, मिटते आणि चौथ्या दिवशी पाकळ्या गळतात.

तळ्याच्या मधोमध बेटावर देऊळ आहे. देवी बेन्झायतेन, म्हणजे आपली सरस्वतीच बरं का! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात पोचली. वीणेऐवजी तिच्याजवळ बीवा नावाचे तंतुवाद्य असते. जुने देऊळ 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाले, ते 1958 साली पुन्हा बांधले.

युद्धाच्या दिवसांत अन्नाची इतकी टंचाई होती की हे तळे आटवून तिथे भाताची लावणी केली होती. पुढे तळे बुजवून बेसबॉलचे मैदान करावे, अशीही सूचना आली. पण 1949 साली ठरले, तळे तळेच ठेवायचे. म्हणून तर आज इथे बारमाही पाणकावळे दिसतात आणि हिवाळ्यात कमळे वाळली की उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात.

जाल तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, पक्ष्यांना मात्र काही खायला घालू नका. नावेत बसायचे तर पैसे पडतात, शेजारच्या प्राणिसंग्रहालयालाही तिकीट आहे. काठाकाठाने फिरणे मात्र फुकट.

आमच्या ठाण्याला तळ्यांचे शहर म्हणतात, पण त्यातली कित्येक तळी बुजली. उपाशी शहराने तळ्यात भात लावला, हे कुठल्याही गृहिणीला समजेल. पोटाची सोय झाल्यावर त्यांनी तळे राखले. आपण मात्र भरल्या पोटी बुजवतो! तुमच्या गावचे तळे शिल्लक असेल तर येत्या रविवारी मुलांना तिथे जरूर न्या. त्यांनी ते पाहिलेले असेल, तरच उद्या ते राखतील.