सुई शाबूत आहे का?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की अक्षीच्या खाडीवरचा पूल ओलांडल्यावर वाड्या सुरू होतात. नागावात शिरेपर्यंत त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी अशा बिलगतात की भर दुपारीही सावलीतून जावं. निसर्ग चक्रीवादळानंतर त्या रस्त्याने पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यात आधी खटकला तो उजेड. जी घरं रस्त्यावरून कधी दिसलीच नव्हती त्यांची कौलं, म्हणजे कौलं उडून उरलेले वासे, लांबून दिसत होते.

तारीख ३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे सगळे घरातच होतो. वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, मधले झोत १३० पर्यंत. हे आकडे नंतर कळले. त्या वेळी कळत होतं ते एवढंच, की मागे वाडीत थोड्या थोड्या वेळाने काहीतरी आपटतंय आणि पायाखालची जमीन हादरतेय. आई देवघराच्या भिंतीला टेकून बसली होती आणि आवाजावरून झाडं ओळखत होती. "हा विहिरीकडचा गेला." थोड्या वेळाने, "हा तुझ्या आजोबांनी लावलेला."

आमची वाडी अडतीस गुंठ्यांची. त्यात ५२ नारळ, साडेचारशेच्या आसपास सुपारी, तिच्यावर चढवलेल्या मिरीच्या वेली, चार जायफळं, कडेला आंबा, फणस, केळी, आणि घराजवळ आईची फुलझाडं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर २१ नारळ आडवे आणि सुपारी २७० मोडलेली. नारळ मुळासकट उपटून पडला होता, सुपारी मात्र मधोमध काडीसारखी तुटलेली. बऱ्याच सुपाऱ्या तर वाऱ्याने नाहीच मोडल्या, अंगावर नारळ पडून गेल्या.

जे उभं होतं त्याचं काय, हा खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी सुरू झाला. वाऱ्याबरोबर समुद्राचं पाणी तुषार होऊन आत आलं होतं. उभी राहिलेली झाडं तिसऱ्या दिवशी करपायला लागली. आंब्याची पानं भाजल्यासारखी तपकिरी, जायफळाची काळसर, जास्वंद तर वणव्यातून काढल्यासारखी. पाऊस पडत असताना झाडं वाळलेली बघणं फार विचित्र वाटतं. मीठ पानातलं पाणी ओढून घेतं. मुळाशी चिखल असला तरी पान तहानेने मरतं.

अशा वेळी गावात यंत्राची करवत घेतलेली माणसं फिरायला लागतात. त्यांचा दोष नाही, रस्ते मोकळे करायला, छपरांवरची झाडं काढायला तेच धावले. पण मग त्यांनी उभ्या झाडांकडेही बोट दाखवायला सुरुवात केली. "हे मेलंय, आताच काढून टाका, परत येणं होणार नाही." शेजारच्या तात्यांनी एका दिवसात वाडी साफ करून घेतली. आईने मात्र सांगून टाकलं, नारळी पौर्णिमेपर्यंत उभ्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. त्या वर्षी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, म्हणजे बरोबर दोन महिने.

आईला शास्त्र ठाऊक नाही, पण झाडाचा जीव कुठे असतो ते ठाऊक आहे. आंबा, फणस, बकुळ, जास्वंद यांना अंगभर डोळे असतात. सालीखाली झोपलेले. वरचा डोलारा गेला की ते जागे होतात, खोडातून, कधी पार बुंध्यातून फूट येते. केळीचा जीव जमिनीखाली, कंदात. वरचा भाग चिरडला तरी कंद पिल्लं काढतो. नारळ-सुपारीचं तसं नाही. त्यांना कोंब एकच, आणि तो शेंड्यात. खोडाला फांदी फुटत नाही, जखम भरून येत नाही. पण म्हणूनच खोडावर ओरखडे कितीही असोत, वाकलेलं असो, शेंडा जिवंत तर झाड जिवंत. शेंडा गेला की खाली साठ फूट खोड नुसतं उभं असतं.

शेंड्यात मधोमध न उमललेलं पान सरळ उभं असतं, त्याला सुई म्हणतात. नारळ काढायला येणारे दादा जून संपता संपता दोर घेऊन आले. पाऊस उघडला की एकेक झाड चढायचे, सुई दोन बोटांत धरून हळूच ओढायचे आणि वरून ओरडायचे, "काकू, धरून हाय!" आई खाली खोडाला चुन्याची रेघ मारायची. दोन नारळांची सुई अलगद हातात आली, बुडाशी कुजलेली. तो वास खालीपर्यंत यायचा. आणखी तिघांची नुकतीच ढिली झाली होती. त्यांचा कुजका भाग कोयत्याने चांगला लागेपर्यंत काढला आणि बोर्डोमिश्रण ओतलं. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत कालवून मग एकत्र करायचं. लोखंडाचं पातं बुडवून बघायचं, त्याला तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय. तिघांतले दोघे वाचले.

आणखी एका गोष्टीवर आई अडून राहिली. मोडून लोंबणाऱ्या झावळ्यांतली जी हिरवी होती ती तिने काढू दिली नाही. दिसायला वाडी भयाण दिसायची, पाहुणे म्हणायचे, जरा आवरा. पण झाडाला नवं पान काढायचं तर जेवण कुठून येणार? अर्धी मोडलेली झावळीही हिरवी असेतो स्वयंपाक करत असते.

पौर्णिमेपर्यंत आंब्याच्या खोडावर तांबडी पालवी आली होती, जास्वंद बुंध्यातून वर येत होती. चारांतली दोन जायफळं गेली. नखाने साल खरवडून बघितली, आत हिरवं नव्हतं, अगदी जमिनीपर्यंत. मग ती काढली.

वादळाने जेवढी झाडं घेतली त्यापेक्षा वादळानंतरचं वर्ष मला जास्त कठीण वाटलं. याबद्दल कोणी फार बोलत नाही. पडलेले नारळ उचलायला माणूस मिळेना. आमच्याकडे वीजच तीन आठवड्यांनी आली. कुजणाऱ्या ओंडक्यांत गेंड्या भुंग्याने अंडी घातली, आणि तो नंतर उभ्या नारळांच्या सुईत शिरला. नवं पान उमललं की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं निघायचं. शेवटी ओंडके फोडून वाळवले, जाळले. दुसरी गोष्ट उन्हाची. सुपारी जन्मभर नारळाच्या सावलीत वाढलेली. सावली गेल्यावर पश्चिमेच्या उन्हाने तिची खोडं एका बाजूने भाजून तडकायला लागली. आईने प्रत्येक सुपारीला त्या बाजूने झावळ्या बांधल्या आणि मोकळ्या जागेत आधी केळी लावल्या, सावलीसाठी. सुपारीची रोपं त्यांच्या आडोशाला नंतर.

नुकसानभरपाईचंही सांगतो. आधी ती हेक्टरी ५० हजारांच्या हिशेबात होती. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. मग झाडामागे रक्कम ठरली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. तात्या म्हणाले, "पन्नास रुपयांत धड चार पानं येत नाहीत, आणि ती खायला सुपारी लागते." सुपारीचं रोप फळायला सहा-सात वर्षं घेतं, बाणवली नारळही तेवढीच, आणि मग तो ऐंशी वर्षं देतो. याचा हिशेब कोणत्या रकान्यात बसवणार?

दलाल दिवाळीच्या आधीच यायला लागले. मोकळी झालेली वाडी म्हणजे त्यांच्या भाषेत तयार प्लॉट. समुद्र चालत पाच मिनिटांवर. तात्यांनी ऐकलं, तिथे आता निळ्या पाण्याचा तलाव आणि सहा खोल्या आहेत. आमच्या सातबारावर माझ्याबरोबर ताईचंही नाव. ताई ह्युस्टनला असते. ती स्पष्ट म्हणाली, "आई सत्तरीची झाली. सात वर्षांनी फळणारी झाडं ती कोणासाठी लावतेय? विकून टाका." मला तिचं म्हणणं वेडगळ वाटलं नाही. आजही वाटत नाही. आईने फोन ठेवला आणि विहिरीवर गेली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी आली. ह्युस्टनला पारा उणे दहाच्या आसपास उतरला, लाखो घरांची वीज गेली. आपल्याकडे निफाडला पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आम्हा किनाऱ्यावरच्यांना तीच मोठी बातमी. ताईचं घर दोन दिवस काळोखात होतं. माणसं सुखरूप आहेत कळल्यावर आईने पुढचा प्रश्न विचारला तो कढीपत्त्याचा.

ताईने परसात तिचं नागाव लावलं होतं. केळी, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, पांढरा चाफा, आंब्याचं एक कलम, आणि नारळाची हौस म्हणून क्वीन पाम, दिसायला आपल्या माडासारखाच. व्हिडिओवर तिने फोन फिरवून सगळं दाखवलं. केळी उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत. जास्वंदीची पानं काळी. चाफ्याची टोकं मऊ. आई एकदम म्हणाली, "अगं, हे तर आपल्या वादळासारखंच!"

आणि ते खरंही होतं. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या पाण्यात धरतो आणि आतलं पाणी बाहेर ओढतो. मीठ करतं तेच. पान इथेही तहानेनेच मरतं.

ताईकडचा माळी म्हणत होता, सगळं कापून टाकू, नवीन लावू. आईने इथून कारभार हातात घेतला. चाफ्याचं मऊ टोक चीक येईल तिथपर्यंतच काप. केळीचा लिबलिबीत भाग काढ, कंदाला हात लावू नको. बाकी काळं झालेलं तसंच राहू दे, परत थंडी आली तर खालच्याला तेच पांघरूण. पाणी बेताने घाल, पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही. खत तर मुळीच नको. आणि शेवटी, "त्या माडाची सुई ओढून पाहा." ताई शिडी लावून चढली. आठवड्याने चढली तेव्हा सुई घट्ट होती. मार्चमध्ये चढली तेव्हा हातात आली. आईने विचारलं, "वास येतोय?" ताई नुसती मान हलवत राहिली.

केळीने मार्चअखेर पिल्लं काढली. जास्वंद आणि मोगरा एप्रिलमध्ये बुंध्यातून. कढीपत्त्याचं नाव नव्हतं. ताई दर रविवारी नखाने खरवडायची, दर रविवारी तपकिरी. आई म्हणायची, मुळं जमिनीत आहेत ना, मग थांब. मेच्या पहिल्या आठवड्यात खोडापासून हातभर लांब, मुळातून, दोन कोंब वर आले. तो फोटो आईने मला चार वेळा दाखवला.

त्याच महिन्यात इथे तौक्ते आलं. किनाऱ्यापासून लांबून गेलं, तरी आमचे आणखी दोन नारळ आणि तीसेक सुपाऱ्या घेऊन गेलं. आईने मोजलं, वहीत लिहिलं, आणि जूनमध्ये पुन्हा रोपं आणली. ताईने विकण्याचा विषय तेव्हा काढला नाही. नंतर काढला, दोनदा. सह्या अजून झालेल्या नाहीत.

आता वाडीत जुने नारळ २६, नवे बाणवली १८, सगळे माझ्या डोक्याच्या वर गेलेले. जगलेल्यांतला एक माड पूर्वेकडे झुकलाय, नव्वदीतल्या माणसासारखा, पण पोय दर महिन्याला काढतो. केळीच्या सावलीतल्या सुपारीला आता केळीचीच अडचण होते, म्हणून यंदा निम्म्या केळी काढल्या. मिरी पुन्हा चढतेय. रस्त्यावरचा उजेड मात्र तसाच आहे.

ताईच्या आंब्याचं सांगायचं राहिलं. फूट जोरात आली, पण कलमाच्या सांध्याखालून. म्हणजे वरचा हापूस मेला आणि खालचं रायवळ उठलं. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सांध्याखालची फूट ठेवू नकोस, तिला हापूस लागणार नाही. ताईने ठेवली. आता ते झाड कुंपणाच्या वर गेलंय आणि गेल्या मार्चमध्ये त्याला थोडा मोहोर आला होता.

"आंबट निघेल," आई फोनवर म्हणाली.

"निघू दे."

"लोणचं घालायला येतं का तुला?"